पाव्हणीला गारवा हवा

हरित विहार, बीड बायपासच्या आत,
औरंगाबाद.
मंगळवार, २१ मे २०१९

ती. सौ. आक्का,

मुक्ताचा नमस्कार. दोन्ही हात जोडून करणार होते, पण डाव्या हातात फवाऱ्याची बाटली आहे आणि ती दर पाच मिनिटांनी दाबावी लागते, तेव्हा उजव्या हाताचा तेवढा मान्य करून घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? तुझं दिवाळीतलं पत्र मिळालं होतं. (त्याला मी उत्तर दिलं नाही हे माझ्या लक्षात आहे. तुझ्या लक्षात असणार हेही माझ्या लक्षात आहे.) त्यात तू लिहिलं होतंस की तिकडं कोइमतूरच्या वरच्या डोंगरात, वेलिंग्टनला, सकाळी धुकं एवढं दाटतं की दारातली दाजींची सायकल दिसत नाही, आणि मे महिन्यातसुद्धा स्वेटर आत ठेवता येत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आक्का उगाच मोठेपणा सांगते. या महिन्यात ते पत्र मी सात-आठ वेळा तरी वाचलं असेल. इकडची खुशाली कळवायची रीत आहे म्हणून कळवते: आज सकाळपर्यंत सगळे जिवंत आहोत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू पहिल्याच वाक्याला हसली असतीस. शिवाय आप्पा शेजारच्या खोलीत असतात, आणि त्यांना हल्ली दिसायला कमी झाल्यापासून सगळं कानांवर आलंय. आणखी एक म्हणजे फोनवर मला रडू येतं, मग तू मला समजावत बसतेस आणि मूळ गोष्ट राहून जाते. पत्रात तसं होत नाही. पत्रात माणूस रडत असला तरी त्याला अक्षर नीट काढावंच लागतं.

तर ते पहिलं वाक्य असं: आमच्या घरात एक सरडा आहे.

बांधावर मान हलवत बसतो तो नव्हे. ही टांझानिया नावाच्या देशातल्या उंच डोंगरावरची मादी आहे, शेपूट सोडून वीतभर. नाकावर एक शिंग (नराला तीन असतात म्हणे), दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, आणि चाल अशी की पुढचं पाऊल टाकावं की न टाकावं याचा दर वेळी नव्यानं विचार चाललाय. ही अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि सध्या ती गाभण आहे. तिला दिवसा बावीस-तेवीस अंश लागतात, रात्री बारा-तेरा. हवेत कायम ओल लागते. पाणी पानांवरून ठिबकलेलंच लागतं. वाटीतलं पाणी तिला पाणी वाटतच नाही. आणि लागतो एकांत. आक्का, या चार गोष्टींपैकी मे महिन्यात औरंगाबादेत एकही मिळत नाही. पाचवी मागितली असती तर तीही मिळाली नसती.

ती आमच्याकडं कशी आली ते सांगायचं तर आधी आप्पांचं सांगावं लागेल. फेब्रुवारीत त्यांनी पाचोडच्या बाजारात शेवटची अकरा मेंढरं विकली, हे तुला ठाऊक आहे. ती विकून ते घरी गेलेच नाहीत. तसेच बसमध्ये बसून माझ्या दारात आले, हातात काठी आणि एक गाठोडं. दोन दिवस राहतो म्हणाले. दोन दिवसांत ते किती बोलले असतील? मी मोजलं नाही, पण त्यांच्याहून आमचा फ्रीज जास्त बोलला. जेवताना पहिली भाकरी संपली की ताटावर हात धरायचे. मी आग्रह केला की म्हणायचे, "लेकीच्या घरचं लई खाऊ नाय." तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर गाठोडं बांधून खुर्चीच्या काठावर बसलेले, एस.टी.च्या स्टँडवर बसावं तसे. गावातली विहीर डिसेंबरातच आटली. टँकर चार दिवसांनी येतो. आपल्या आळीत आता कुलूप नसलेलं घर एकटं आपलंच. तिथं ते कशासाठी जाणार होते, मला विचारायचा धीर झाला नाही.

नेमका त्याच वेळी सुदर्शन आला. (यांचा पुतण्या. वाळूजला कंपनीत आहे. लग्नात तुझ्या साडीवर आइस्क्रीम सांडलं होतं तो.) त्याला असल्या परदेशी जनावरांचं वेड आहे. या सरड्यांची जोडी त्यानं कुठून तरी आणली होती, त्यातला नर महिन्याभरात गेला. वाळूजला त्याच्या खोलीवर पत्रा आहे. हीसुद्धा मरेल या धास्तीनं तो तिला खोक्यात घालून माझ्याकडं घेऊन आला होता. म्हणाला, "काकू, तुमच्याकडं एसी आहे. पाऊस पडेपर्यंत सांभाळता का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांनी खुर्चीतूनच विचारलं, "कशी देतो? अर्धलीनं?"

तुला सांगायला नको, पण दाजी हे वाचतील म्हणून लिहिते: आपल्याकडं जनावर अर्धलीनं देतात, म्हणजे सांभाळणारा सांभाळतो आणि पिल्लं झाली की निम्मी मालकाची, निम्मी त्याची. सुदर्शन वाढला सिडकोत. त्याला अर्धली ही एखादी मशीन वाटली असावी. तो म्हणाला, "हो हो, चालेल ना आजोबा." आप्पांनी खोक्यात हात घातला, त्या मादीचं पोट दोन बोटांनी चाचपलं, "गाभण हाय," म्हणाले, आणि आपल्या गाठोड्याची गाठ सोडली.

आक्का, ती गाठ सुटताना मी बघितली. त्या क्षणी मला तो सरडा देवानं धाडल्यासारखा वाटला. (देवाला मी त्यानंतर बरंच काही सुनावलं आहे.) तेव्हापासून आप्पा इथं आहेत, ते फक्त तिच्यामुळं. त्यांनी ते लपवलेलंही नाही. मी एकदा सहज म्हटलं, आता इथंच राहा. तर म्हणाले, "जनावर हाय तवर मी हाय." म्हणजे ती गेली की हे उठणार, गाठोडं बांधणार आणि त्या कोरड्या विहिरीकडं चालायला लागणार. म्हणून मी फवारा दाबते. माझं सगळं घर एका वीतभर जनावराच्या श्वासावर टांगलेलं आहे, आणि तो श्वास दिसायलासुद्धा भिंग लागतं.

पहिली अडचण नावाची झाली. आपल्या मेंढरांची नावं रंगावरून असायची, भुरी, बांडी, काळतोंडी. आप्पांनी हिला पहिल्या दिवशी हिरवी म्हटलं. दुपारी ते झोपून उठले तेव्हा ती मातीसारखी काळपट झाली होती. आप्पांनी आधी खोलीचं दार लावलं, मग मला हळू आवाजात सांगितलं की जनावर बदललंय. मी रंगाचं समजावून सांगितलं, शाळेत चौथीला सांगते तसं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि संशय शेजारच्या आशाबाईंवर नेला, कारण त्या सकाळी साखर मागायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती पिवळसर, तिसऱ्या दिवशी अंगावर पट्टे. आप्पांच्या हिशोबानं घरात चौथं जनावर आलं होतं आणि पहिली तीन चोरीला गेली होती. शेवटी त्यांनी मेंढरांना लावतात तसा गेरूचा ठिपका तिच्या पाठीवर लावला. ठिपका जागेवर राहिला आणि रंग भोवती बदलत राहिले, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. मग नाव पडलं पाव्हणी. (गेरू काढताना यांना एक तास लागला. पाटबंधारे खात्यात एकवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, दात घासायच्या ब्रशनं सरड्याची पाठ घासत होता. त्या वेळी त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी कुणाला सांगणार नाही.)

आमच्या श्रेयाची खोली पाव्हणीला दिली, कारण एसी तिथंच आहे. श्रेया पुण्याहून सुट्टीत आली, चार दिवस हॉलमध्ये घामात झोपली आणि पाचव्या दिवशी प्रोजेक्ट निघाला म्हणून परत गेली. पण एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो, म्हणून फवारा. फवाऱ्याला दिवसाला तीन लिटर पाणी, तेही गाळलेलं. आणि पाणी, आक्का, आमच्या कॉलनीत आठ दिवसांनी येतं, टँकरनं, घरटी दोन ड्रम. कॉलनीचं नाव हरित विहार. झाड एकच आहे, कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमधला लिंब, आणि तोही प्लॉट विकला गेलाय. मी एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरते आणि त्यात भांडी विसळते. आम्ही दिवसाआड आंघोळ करतो. पाव्हणी दिवसभर करते. आशाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मुक्ताताई, पुढच्या जन्मी तुमच्याकडं सरडा होऊन यीन म्हणते." हसत म्हणाल्या. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळाकडं पाहत उभी राहिले, ज्यातून काही येत नव्हतं.

तिच्या खाण्याचं लिहितच नव्हते, पण लिहिते. ती जिवंत रातकिडे खाते. सुदर्शननं डबाभर आणून दिले होते. आप्पांनी डब्याचं झाकण उघडलं, कारण कोंडलेला जीव अंग धरत नाही असं त्यांचं म्हणणं. आता ते आमच्या घरात मोकळे राहतात. फ्रीजच्या मागं, देवघरात, माझ्या सर्व्हिस बुकाच्या फायलीत. अंधार पडला की सगळे मिळून एका सुरात ओरडतात. एप्रिलच्या मध्यावर शेजारच्या बायांनी तो आवाज ऐकला आणि कॉलनीत बातमी पसरली की रातकिडे ओरडायला लागले, म्हणजे पाऊस जवळ आला. आशाबाईंनी गच्ची झाडून घेतली. पन्हाळीखाली पिंप लावलं. दोघींनी तर गावाकडं फोन करून बियाणं बघायला सांगितलं. मला खरं सांगवेना. किती दिवस त्या रोज सकाळी गच्चीवर जाऊन आभाळाकडं पाहायच्या, आणि मी पडद्याआडून त्यांच्याकडं.

वीज गेली की मात्र माझं खरं मरण. एका दुपारी तीन तास गेली. बर्फ आणायला मी स्कूटी घेऊन औरंगपुऱ्यात गेले. रसवंतीवाल्याकडून अर्धी लादी घेतली, गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवली. गर्दीतून, सिग्नलमधून, बायपासच्या खड्ड्यांतून घरी पोचले तेव्हा हातात एक ओलं गोणपाट होतं आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आप्पांनी ते गोणपाट घेतलं, पाव्हणीच्या जाळीवर टाकलं आणि टॉवेलानं वारा घालत बसले. वीज येईपर्यंत. त्यांचा स्वतःचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, द्या मी घालते. म्हणाले, "तू बस. तुला उन्हाची सवय नाय."

आता लिंबाची हकिकत. ही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तेवीस एप्रिलला मतदान होतं, माझी ड्यूटी पैठणच्या अंगाला लागली होती, आणि मी आदल्या दिवशीच गेले होते. जे लिहिते ते आशाबाईंनी सांगितलं ते आहे, त्यातलं थोडं कमी करून.

पाव्हणीनं चार दिवस काही खाल्लं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना मी आधीच दाखवून आणली होती. (ते म्हणाले, बाई, मी म्हशींचा माणूस आहे.) तेव्हा आप्पांनी आपल्या अकलेनं उपाय काढला. जे जनावर दावणीला खात नाही ते रानात खातं. सकाळी सहाला, हे आंघोळीला गेलेले पाहून, त्यांनी तिला पटक्यावर बसवलं, काठी घेतली आणि पाव्हणीला चारायला घेऊन गेले. त्या लिंबाखाली. ऊन तापायच्या आत परत आणायचं असा बेत होता. तिला बिचारीला तीन महिन्यांत पहिल्यांदा खरं झाड दिसलं. ती पटक्यावरून खोडावर, खोडावरून फांदीवर, आणि तिथून अशी वर गेली की हिरव्यात हिरवी होऊन दिसेनाशीच झाली.

आप्पांनी तिला बोलावलं. मेंढरांना घालतात तीच हाक, जीभ टाळूला लावून. त्या हाकेला आपली दोनशे मेंढरं ओढ्यापलीकडून यायची, तुला आठवत असेल. पाव्हणीला कानच नाहीत. आप्पा खाली बसले. हे शोधत आले, घरी चला म्हणाले, तर आप्पांचं उत्तर, "राखणारा जनावर रानात सोडून घरी जात नसतो." हे मतदानाला गेले आणि रांगेत दोन तास अडकले. दहा वाजले, अकरा वाजले. त्रेचाळीस अंश होतं त्या दिवशी. आशाबाईंनी छत्री नेऊन दिली, तर आप्पा म्हणाले, मला नको, वर कुणीतरी चढून झाडाला धरा.

साडेबाराला टँकर आला. आठ दिवसांचा. ड्रम, बादल्या, कळशा घेऊन सगळ्या बाया रांगेत. टँकरवाला कडुबा पाचोडकडचाच, त्याच्या बापानं कधीकाळी आप्पांकडून एडका नेला होता. आप्पांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं की जनावर तहानलेलं आहे आणि पानावर पाणी पडल्याशिवाय ते उतरायचं नाय. कडुबानं वर पाहिलं, त्याला काहीच दिसलं नाही. आप्पांकडं पाहिलं. मग त्यानं पाइप ओढला, तोंडाला अंगठा लावला आणि लिंबावर पाऊस पाडला. दहा मिनिटं. अर्धा टँकर.

मी आशाबाईंना विचारलं, कुणी अडवलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, आधी कुणी बोललंच नाय. झाड धुतलं गेलं, धूळ खाली आली, मातीचा वास सुटला. पोरं खाली जाऊन उभी राहिली. आम्ही आपल्या बघतच बसलो. मग माझं ध्यान ड्रमाकडं गेलं, आन् मग मी जी बोंब मारली!"

पाव्हणी उतरली. थेंब पीत पीत खालच्या फांदीवर आली आणि आप्पांनी पुढं केलेल्या काठीवर चढली. आप्पा काठी धरून उठले, आणि उठले ते सरळ खाली कोसळले. कडुबानं त्यांना टँकरच्या केबिनमध्ये घालून दवाखान्यात नेलं. काठी त्यांच्या हातातून सुटेना, म्हणून काठीवरच्या पाव्हणीसकट. सलाइन लावलं, संध्याकाळी घरी आणलं. आता बरे आहेत. कॉलनीत आमचा ड्रम त्या दिवसापासून रांगेत शेवटी लागतो आणि त्यात माझी काही तक्रार नाही. ज्यांच्या वाट्याचं पाणी मी झाडाला घातलं, त्यांनी मला रोज दारात हाक मारावी अशी अपेक्षा कशी करू?

आक्का, मी थकले आहे. नुसती कामानं नाही. दुपारी एकटी त्या खोलीत फवारा घेऊन बसते तेव्हा मनात येतं, या जिवाला धुक्यातून उचलून इथं आणायचा अधिकार कुणाला होता? सुदर्शनकडं कसला तरी कागद आहे, त्यावर शिक्काही आहे. तिला तो दाखवून काय उपयोग? ती जाळीला धरून एक डोळा माझ्याकडं आणि दुसरा खिडकीकडं लावून बसते. खिडकीबाहेर बिल्डरची पाटी आहे. आमचा हा प्लॉट ज्या माळावर आहे तिथंच आप्पांनी बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं बसवली होती. आमच्या पाण्याच्या टाकीखाली ओढा होता म्हणतात. ते ज्या जागेकडं बोट दाखवतात तिथं प्रत्येक ठिकाणी आता कुणाचा तरी जिना असतो. घरात दोन जीव आहेत, दोघांचाही डोंगर गेलेला आहे, आणि मी मधे बसून दोघांवर पाणी शिंपडते. पुरत नाही. दोघांनाही पुरत नाही.

असो. तुला तिकडं थंडीत हे वाचून घाम फुटावा असा हेतू नाही. दाजींना रामराम सांग. शेजारपाजारी जे कुणी असतील त्यांनाही सांग, ते मराठी नसले तरी. धुकं जपून वापरा.

तुझीच,
मुक्ता

ता. क. — एक विचारायचं राहिलंच. तुमच्या क्वार्टरच्या मागं पेरूचं झाड आहे ना? सुदर्शन म्हणतो, पाव्हणीला जसली हवा लागते तसली अख्ख्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे आणि त्यातलं एक तुमच्या परसात आहे. तिला फवारा लागणार नाही, एसी लागणार नाही. जाळीत ठेवून पेरूखाली टांगायची, बस. जूनमध्ये ती व्याईल. पंधरा-वीस होतात म्हणे. आप्पांच्या वाट्याची जी निम्मी येतील त्यांतली निम्मी तुझी. मी त्यांना विचारून लिहिते आहे. फक्त पोचवायला जाणतं माणूस हवं, आणि तिची नस आप्पांशिवाय कुणाला कळत नाही, तेव्हा ते स्वतः घेऊन येतील. पाऊस पडेपर्यंत तिच्याजवळ राहतील. सुदर्शन सोबत येईल आणि त्यांना सोडून परत फिरेल.

ता. क. २ — वरचं खोटं नाही, पण पूर्णही नाही. गेल्या आठवड्यात आप्पांना पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आप्पांचं काळीज निम्म्यानंच काम करतंय, आणि असला उन्हाळा आणखी महिनाभर झेपणार नाही. थंड हवेला नेता आलं तर न्या म्हणाले, आणि मग माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही चुकीच्या माणसाला चुकीचं औषध सांगितलं. तुला हे आधी लिहायचं होतं. पण आई गेली तेव्हा तू त्यांना म्हणाली होतीस, चला माझ्याकडं, आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, तिथं येऊन तुझ्या दारात बसू का? त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. तुझा राग मला कळतो. पण स्वतःसाठी ते कुठंही जाणार नाहीत, आक्का. जनावरासाठी जातील. आयुष्यभर तेच केलंय. म्हणून हा सगळा सरडा. तू एक वेगळं पत्र त्यांच्या नावानं टाक. त्यात डॉक्टरांचा शब्द नको. नुसतं लिही की जनावर पाठवा, पण राखणाऱ्यासकट पाठवा, मला त्यातलं कळत नाही. मी वाचून दाखवीन.

ता. क. ३ — बुधवार. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आप्पा येऊन समोर बसले. काल सकाळपासून काय लिहितीस, वाच म्हणाले. मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते; आशाबाईंच्या बोंबेला हसलेसुद्धा. दुसरा ता. क. मी गाळला आणि कागदाची घडी घातली.

"मागं लिहिलेलं हाय अजून," ते म्हणाले. "कागद उलटताना आवाज आला."

मग तेही वाचलं. काळीज, डॉक्टर, आईच्या वेळचं, सगळं. वाचताना मनात धरूनच चालले होते की आता हे उठतील, काठी आपटतील, लेकींनी मला येडा समजलं का म्हणून गाठोडं बांधतील. खरं सांगते, मी त्याच रागाची वाट पाहत होते. तो राग आहे तोवर आप्पा आहेत असं मला वाटतं.

ते रागावले नाहीत. पाव्हणीच्या खोलीच्या दाराकडं त्यांनी तोंड वळवलं. मग म्हणाले, "थोरलीला लिही, वेगळ्या पत्राची गरज नाय. येतो म्हणावं. जनावर वाटंत मेलं तरी येतो."

मी सुदर्शनला तिकिटासाठी फोन केला.

तिकीट शुक्रवारचं काढलंय. पाव्हणीला जपायचं म्हणून एसीचा डबा. आप्पा आयुष्यात पहिल्यांदाच त्यात बसतील. रविवारी सकाळी कोइमतूर. हे पत्र आज कुरिअरनं टाकते, तरी वेळेत मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून संध्याकाळी फोनही करीन आणि रडीन, तेव्हा समजावत बसू नकोस, नुसती गाडीची वेळ लिहून घे. स्टेशनवर दाजींना एकट्यांना पाठवू नकोस, तू ये. उतरल्या उतरल्या ते तुझ्यापुढं जाळी धरतील आणि तिच्याबद्दलच बोलत राहतील. बोलू दे. पुलाचा जिना उतरताना मात्र त्यांचा दंड धर. हल्ली धरावा लागतो. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही, आणि मीही त्यांना विचारलेलं नाही.